नाकसाहेबांचा आंबट रस

वाइनच्या कारखान्यात सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. पेल्यात नाक खुपसायचं आणि निकाल द्यायचा. म्हणून सगळे त्यांना नाकसाहेब म्हणत आणि त्यांना ती पदवीच वाटे. घरीसुद्धा जेवायला बसले की आधी ताटावर नाक फिरवत आणि बायकोला म्हणत, "कांदा जरा घाईत परतलास."

एका हिवाळ्यात त्यांना सणसणून ताप भरला. आठवड्यात ताप उतरला आणि महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. "तरुणांना वाव द्यायला हवा," असं ते चारचौघांत सांगू लागले. बायकोला नवल वाटलं. या माणसाने आजवर एकाही तरुणाला बोलण्यात वाक्य पूर्ण करू दिलं नव्हतं.

उन्हाळ्यात कारखान्याच्या मळ्यातल्या द्राक्षवेलींची विरळणी झाली. उरलेले घड चांगले भरावेत म्हणून कच्चे, हिरवेगार, गोटीसारखे घट्ट घड खाली टाकून देतात, ते नाकसाहेब दोन टोपल्या भरून घरी घेऊन आले.

"याचा रस म्हणजे लिंबाचा बाप!" त्यांनी जाहीर केलं.

बायकोचा मिक्सर, मोठं पातेलं आणि धुऊन ठेवलेलं मलमलचं फडकं, सगळं जप्त झालं. रस गाळून बाटल्या फ्रिजमध्ये गेल्या आणि दूध बाहेर आलं. मग डाळीत रस, मशरूममध्ये रस, अंड्यावर रस. बायको चमचाभर घाली, तर नाकसाहेब ओरडत, "अगं, चव कुठे लागतेय? ओत अजून!" जावई दोन दिवस राहायला आले होते. पहिल्याच जेवणात त्यांचे दात असे आंबले, की पाव चहात बुडवून गिळला आणि संध्याकाळची गाडी पकडली.

रविवारी दुपारी कारखान्यातले तीन जुने सहकारी जेवायला आले. नाकसाहेब स्वतः ॲप्रन बांधून उभे. लोण्यात कांदा टाकला आणि शेगडीकडे पाठ करून पाहुण्यांना व्याख्यान सुरू केलं. मागे कांदा आधी लाल झाला, मग तपकिरी, मग काळा. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

"अहो, कांदा..." बायको म्हणाली.

"थांब गं! बघा, कसा गोड वास सुटलाय!"

करपट वास तर जिन्यापर्यंत गेला होता. बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. राजीनामा, ओतलेला रस, सगळं तिला एकदम उलगडलं. तिने गॅस बंद केला. "माझंच चुकलं, आच मोठी राहिली," असं म्हणून पाहुण्यांना चीज आणि पाव वाढला.

पाहुणे गेल्यावर तिने नवऱ्याला डोळे मिटायला लावले आणि एक वाटी नाकाखाली धरली.

"ओळखा."

त्यांनी सवयीने लांब श्वास घेतला. "आजचाच रस. कोवळं गवत, थोडा ओला दगड..."

"फिनेल आहे."

नाकसाहेबांनी डोळे उघडले आणि वाटी बाजूला सारली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तापापासून. आंबट, खारट तेवढं जिभेला कळतं गं. त्यातही आंबट जरा जास्त. बाकी सगळं पाणी."

बायकोला दया आली. मात्र सव्वीस वर्षं ऐकलेली बोलणी वाटेत होती, त्यामुळे त्या दयेला पोचायला संध्याकाळ झाली.

त्यानंतर रस ते गाळू लागले आणि किती घालायचा ते ती ठरवू लागली. मासा तव्यावरून उतरवताना एकच चमचा, वर लोण्याचा तुकडा, आणि तव्याला चिकटलेलं सगळं खरवडून घ्यायचं. असा एक मासा खाऊन शेजारीण म्हणाली, "वहिनी, हाताला काय चव आहे हो तुमच्या!"

नाकसाहेबांनी रुमालाने ओठ टिपले. "हिला तयार करायला मला फार कष्ट पडले."

बायकोने त्यांच्यासाठी राखून ठेवलेला दुसरा मासा उचलला आणि शेजारणीला वाढला.