नानांनी धाडलेलं शेण

शिंदखेड्याच्या स्टँडवरून मी परभणीला शिकायला निघाले, तेव्हा नानांनी धुळ्याच्या एसटीतल्या कंडक्टरला तीनदा सांगितलं, "पोरगी डॉक्टर व्हयले जाई राह्यनी." ढोरांची डॉक्टर, हे आमच्या वडिलांनी सोयीस्करपणे गाळलं. आई मात्र पिशवीत बट्ट्या कोंबत खरं तेच बोलली, ढोरांसाठी गाव कशाला सोडायचं म्हणून, "आठे ढोरं कमी शेतस का?" गाडी हलली आणि मी ढसाढसा रडले. कंडक्टरने बिचाऱ्याने तिकिटाचे सुटे पैसेसुद्धा लगेच मागितले नाहीत.

गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या बॅग उचलून निघालेल्यांसाठीही हे लिहितेय. घरी होते तेव्हा म्हैस म्हणजे चंद्री, नाहीतर तिच्यामागे गोठ्यात उभी असलेली भुरी. इथे म्हैस म्हणजे 'केस', तिचं शेण म्हणजे 'सॅम्पल'. होस्टेलवर मी 'आहे'ऐवजी 'शे' म्हटलं की पोरी खिदळायच्या. आता माझी नांदेडची मैत्रीण भांडताना 'सगळं' सोडून खुशाल 'बठ्ठं तुझंच चुकलं' म्हणते.

सगळं जमलं, पण जंतांचा विषय काही जमेना. शेणाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि कोणत्या जंताची अंडी आहेत ते ओळखायचं. मला जिकडेतिकडे अंडीच दिसत. हवेचा बुडबुडा, चाऱ्याचा तुकडा, सगळं अंडं! एका प्रॅक्टिकलला मी साध्या बुडबुड्याला जंताचं लांबलचक नाव दिलं, तेव्हा मॅडमनी कपाळाला हात लावला. फायनलला नापास झाले तर वर्ष जाणार होतं. त्या म्हणाल्या, "ओळखीच्या जनावराचं शेण आण आणि डोळा बसेपर्यंत बघ."

मी नानांना फोन केला. भुरी तेव्हा खंगली होती, पातळ हगत होती, जबड्याखाली सूज आली होती. तिचंच शेण पाठवा, असं मी दोनदा बजावलं. माझी रूममेट जळगावची, पिंप्राळ्याची. ती सुट्टीवरून परत येताना नाना जळगावपर्यंत गेले आणि तिच्या हाती डबा दिला. कोरा स्टीलचा डबा, त्यावर ओलं फडकं. ती बिचारी रात्रभर तो मांडीवर घेऊन आली, आत खाऊ आहे असं समजून. खोलीवर तिने झाकण उघडलं आणि नंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी मात्र डबा घेऊन लॅबमध्ये बसले. पहिली स्लाइड, काही नाही. पाचवी, काही नाही. शेण धुतलं, गाळलं, गाळ बसू दिला, पुन्हा पाहिलं. एकही अंडं नाही. एरवी बुडबुड्यात अंडी पाहणारी मी, आता खरी अंडीसुद्धा दिसेनात! माझी घाबरगुंडी उडाली. शेवटी नानांना फोन लावला आणि रडतच सांगितलं की मला काहीच दिसत नाही, मी नापास होणार.

नाना हळूच म्हणाले, "ते भुरीनं नही शे. चंद्रीनं शे."

मी ओरडलेच. तर वर मलाच विचारतात, "कॉलेजमा आपला घरनं नाव जास. हागरी म्हैसनं शेन कोनी धाडस का?"

घरी पाहुणे आले की चंद्रीच पुढे, भुरी मागे; शेण पाठवतानाही माणसाने तोच शिरस्ता पाळला. मी हसत सुटले. हसता हसता लक्षात आलं की चंद्री ठणठणीत आहे आणि मला जे दिसत नव्हतं ते तिथे नव्हतंच. माझा डोळा बरोबर होता. नानांकडून मी तेवढं कबूल करून घेतलं की उद्याच तालुक्याच्या डॉक्टरांना भुरी दाखवायची.

फायनलच्या प्रॅक्टिकलला चार स्लाइड होत्या. तीन ओळखल्या. चौथीत बुडबुडे, चाऱ्याचे धागे, बाकी काही नाही. शेजारचा खाली मान घालून भराभर कुठल्याशा जंताचं नाव लिहीत होता. मी स्लाइड पुन्हा एकदा कडेपर्यंत सरकवून पाहिली आणि लिहिलं, 'अंडी नाहीत.' बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की, सर. निरोगी जनावराचं आहे." त्यांनी मान डोलावली. पास झाले.

निकालानंतर घरी गेले. गेल्या काही वर्षांत मीही पाहुणीच झाले होते. दोन दिवसांसाठी यायचं, चांगलंचुंगलं खायचं, कौतुक ऐकून परत जायचं. या वेळी नानांनी मला बॅगही खाली ठेवू दिली नाही. चंद्रीला ओलांडून सरळ मागे नेलं. औषधाने भुरीची सूज उतरली होती, पण बरगड्या अजून मोजता येत होत्या. नाना तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पहिले हाई देख."

अंगात रक्त किती आहे ते कळावं म्हणून मी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. नाना बाजूला उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला वाटलं, आज मी खरी घरी आले.