यात आंबा कुठे आहे?

भोपाळच्या कोलार रोडवरच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. खायची कुठलीही वस्तू तोंडात टाकण्याआधी ते तिचं वेष्टन वाचतात. संध्याकाळी अंगणातल्या बाकावर बसून मुलांच्या चघळायच्या संत्र्याच्या गोळ्यांचे कागद भिंगाखाली धरतात आणि स्तोत्र म्हटल्यासारखं सावकाश वाचतात, "साखर, ग्लुकोज सिरप, पाम तेल, सायट्रिक आम्ल, रंग." मग मान वर करून सांगतात, "देखो, जे सगळ्यात जास्त, त्याचं नाव आधी लिहितात. संत्र्याचं तर नावच नाही!" मुलं हिरमुसतात. मला त्यांचा रागच यायचा.

माझ्या आईच्या मनात हल्ली भोपाळ आणि तिचं रत्नागिरीचं माहेर एक झालंय. परवा उन्हं कलताना मी तिला बाकावर नेऊन बसवलं. तिने पदराच्या गाठीतून आंब्याच्या स्वादाची एक गोळी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

"घ्या भावोजी, आपल्या बागेतला आहे."

मी धास्तावलो. आता हे वाचून दाखवणार! त्यांचा हात सवयीने भिंगाकडे गेला आणि तिथेच थांबला. कागद न वाचताच त्यांनी खिशात ठेवला, गोळी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. बराच वेळ ते चघळत राहिले. समोरच्या पाण्याच्या टाकीवर ऊन पिकत चाललं होतं.

"पायरी का हो, वहिनी?"

"इश्श, हापूस!"

"तरीच," ते डोळे न उघडता म्हणाले.