थर्मासमधला समुद्र

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला मे महिन्यातली ती दुपार आठवते. गोव्यात समुद्राचा अभ्यास करणारी माझी बहीण सुटीत नागपूरला आली, ती थर्मासमध्ये समुद्राचं पाणी घेऊनच. कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेल्या बाबांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. तिनं एक थेंब सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. बाबा वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. आत नक्षीदार काचेच्या इवल्या डब्या सोनेरी होऊन तरंगत होत्या. "हे जित्ते हायेत का वं?" "हो बाबा. जगातला जवळपास अर्धा प्राणवायू समुद्रातले असेच सूक्ष्म जीव उन्हावर बनवतात. मासेही यांच्याच भरवशावर जगतात. पण समुद्र तापला की वरचं गरम पाणी झाकणासारखं बसते, खालचं पोषण वर येत नाही, अन् हे उपाशी राहतात." बाबांचा सगळा जन्म कोळसा जाळण्यात गेला होता. ते हळूच म्हणाले, "म्हणजे आमच्या भट्टीची आच या जीवांपर्यंत गेली?" "साऱ्या जगाचीच गेली, बाबा." त्यांनी पुन्हा डोळा लावला. संध्याकाळी बहीण उरलेलं पाणी मोरीत ओतायला निघाली, तर त्यांनी तिचा हात धरला. "फेकू नको. परत नेऊन सोड त्यायले." तिनं तो थर्मास खरंच रेल्वेनं परत नेला. त्यातलं कोणी जिवंत पोहोचलं का, हे तिला विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.