वहिनीची बदामाची बिस्किटं

आज वर्ध्याच्या माझ्या घरात ओव्हनमधून भाजक्या बदामांचा वास सुटला आणि मी मनानं थेट सेलूला, माहेरी पोचले.

तेव्हा दादा त्याच्या स्पॅनिश बायकोला पहिल्यांदाच घरी घेऊन आला होता. वहिनीनं माहेरची बदामाची बिस्किटं करायला घेतली. त्यात अंड्यातलं पांढरं लागतं, आणि आमच्या घरात अंडं कधी शिरलं नव्हतं. मीच चोरून दोन आणली. टरफलं कागदात गुंडाळून सरपणामागे दडवली. कुकरमध्ये मीठ पसरून बिस्किटं भाजली.

वासानं आई आली. पहिलं बिस्किट उचलून देवघराकडेच निघाली.

"थांब नं आई! आधी चव तर पाह्य!"

"काऊन वं? सुनेच्या हातचं पयलं गोड देवाले दाखवा लागत नाई काय?"

तिनं हात जोडले. मीही तिच्यामागे उभी राहून जोडले.

दुसऱ्या दिवशी टरफलं फेकायला गेले, तर पुडी नव्हती. मांजरानं नेली असेल म्हटलं. आईला फसवल्याची टोचणी मात्र कित्येक वर्षं राहिली.

आत्ता अंड्यांची टरफलं चुरून गुलाबाच्या कुंडीत घालताना हात थबकला. त्या आठवड्यात आईच्या गुलाबाच्या मुळाशी पांढरा चुरा दिसला होता. मी तो चुन्याचा समजले होते.