दोघींचं वाचन

केंद्रप्रमुखांचा मेसेज आल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुसरीच्या प्रत्येक मुलाची वाचन चाचणी घ्यायची आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माहिती मोबाईलवर भरायची. कडेगावजवळच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत दुसरीची मुलं चौदा. कोण वाचेल, कोण अडेल, याचीच मी दिवसभर जुळवाजुळव करायची. खिचडी खाताना कुणी भांडलं, तर दोघांनाही दटावून मोकळी व्हायची. कोणाचं काय बिनसलं हे विचारायला वेळ कुठला? घरी आल्यावर मात्र त्याचीच चुटपुट लागून राहायची.

माझी सगळी भिस्त एका मुलीवर होती. पाहुणे आले की ही पुढं, प्रार्थनेला ही पुढं, आणि धडा तर घडाघडा वाचायची. तिला चिकटून बसायची ती दुसरी अगदी मुखदुर्बळ. वडील फौजेत, त्यांची बदली लांब झाली म्हणून आईबरोबर जूनमध्ये मेढ्याहून आजोळी आलेली. हजेरीलाही नुसता हात वर करायची. ही मैत्रिणीच्या जिवावर तरतेय, असं मी ठरवूनच टाकलं होतं. म्हणून चाचणीच्या दिवशी दोघींना वर्गाच्या दोन टोकांना बसवलं, बोलकीला दाराजवळ आणि मुखदुर्बळ मुलीला खिडकीजवळ.

बोलकीला आधी बोलावलं. तिनं उतारा हातात घेतला, खिडकीकडं एकदा बघितलं आणि गप्प झाली. पहिली ओळसुद्धा वाचता येईना. माझा पारा चढला. वर्षभर मला फसवलंस, तुझं तोंड तेवढं चालतं, असं काहीबाही मी सगळ्यांदेखत बोलले. त्याच तिरीमिरीत तिच्यापुढं ‘वाचता येत नाही’ अशी नोंद केली. मुखदुर्बळ मुलीला तर बोलावलंही नाही, तिच्यापुढंही तेच लिहून टाकलं. बोलकी मान खाली घालून रडायला लागली, तरी मी थांबले नाही.

तेवढ्यात खिडकीजवळची ती उठून उभी राहिली.

“बाई, तिला बोलू नगा. मी हळू वाचायची आन् ती मोठ्यानं सांगायची. मला मोठ्यानं बोलायची लय भ्या वाटतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जूनपासून तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तो तिनं मैत्रिणीला माझ्यापासून वाचवायला काढला होता.