शिडाखाली वाळत घातलेल्या पिशव्या

शीळफाट्याच्या वळणावर ज्याला बस लागते, त्याने समुद्राच्या वाटेला जाऊ नये, हे डोंबिवलीत शेंबड्या पोरालाही कळतं. पंचावन्न वर्षांच्या त्र्यंबकला तेवढं कळलं नाही.

चूक जिभेची. समोरच्या बिऱ्हाडातली क्षिप्रा शिडाची बोट घेऊन मुंबईहून कोलकात्याला निघणार होती, बंदरोबंदरी शाळेतल्या मुलांना समुद्र कसा जपायचा ते सांगत. सत्यनारायणाच्या प्रसादाला त्र्यंबक सगळ्यांदेखत म्हणाला, "मी येतो की! वागळे इस्टेटमधल्या नोकरीतून सुटलोय, मोकळाच आहे."

"चला काका. मुलांना हसवणारं कुणीतरी हवंच होतं."

आता माघार कशी घेणार? फडके रोडवर भेटेल त्याला तो "येताना रसगुल्ले आणतो" सांगत सुटला.

बायकोने, सरोजने, लाडू-चिवडा बांधून दिला तो दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत. "अहो, पिशव्या परत आणा हं!" बोटीवर प्लास्टिकला बंदी. त्र्यंबकने खाऊ अंथरुणाखाली लपवला.

अलिबाग मागे पडायच्या आत त्र्यंबकला बोट लागली.

"काका, कठड्यावरून वाकू नका, पडाल!"

मग काय, खाऊ गेला डब्यात आणि पिशव्या आल्या कामाला. क्षिप्राने पाहिलं, पण दया येऊन चालवून घेतलं. रत्नागिरीपर्यंत त्र्यंबकने समुद्र पाहिलाच नाही. पाहिले ते पिशव्यांचे तळ. "वा रे दर्यावर्दी!" तो स्वतःलाच म्हणाला.

रत्नागिरी जवळ आली तसं बरं वाटलं आणि सरोज आठवली. क्षिप्राचं लक्ष सुकाणूवर होतं. याने सगळ्या पिशव्या खळखळून धुतल्या, उलट्या केल्या, चिमटे लावून शिडाखालच्या दोरीवर वाळत घातल्या. कुठली कशाला वापरली ते सरोजला सांगायचं नाही, एवढं मात्र ठरवलं.

धक्क्यावर शाळेची मुलं उभी. समुद्र वाचवणारी बोट आली ती प्लास्टिकच्या पताका फडकवत!

क्षिप्राचा चेहरा बघवेना. "काका, तुम्ही इथेच उतरा. संध्याकाळची एसटी आहे."

त्र्यंबकला धडकी भरली ती फडके रोडची. रसगुल्ल्यांऐवजी आंबापोळी घेऊन कुठल्या तोंडाने जायचं?

तेवढ्यात एक मुलगी ओरडली, "काका, ह्या कशाला वाळत घातल्यात?"

"बायको परत मागते गं! एक हरवली तरी घरात घेणार नाही."

मुलं खिदळली. "माझी आई पण धुऊन भिंतीच्या फरशीला चिकटवते!" "आमची पण!"

"बघा म्हणजे! ज्या पिशवीची घरी कुणी वाट बघत नाही ना, ती समुद्रात येते," त्र्यंबक बोलून गेला, आणि आपण शहाण्यासारखं काही बोललो याने स्वतःच दचकला.

क्षिप्राने ओठ चावून हसू दाबलं. "पुढच्या बंदरातही हेच सांगा. पिशव्या राहू देत."

"म्हणजे मी कोलकात्यापर्यंत...?"

"हो. अजून दीड महिना."

जिंकला होता बिचारा. बोट अजून धक्क्यालाच बांधलेली होती, तरी त्याने दोरीवरची एक पिशवी हळूच काढून खिशात ठेवली.