सासऱ्यांपुढे पांढरी बाजू

बुद्धिबळात जरा हात बसलेली पोरं मला विचारतात, पांढरी बाजू घेतली तर डाव कसा उघडावा? मी सांगतो, आधी लग्न करू नका. ती हसतात. मी थट्टा करत नसतो.

माझी बायको पहिल्या बाळंतपणाला कल्याणला माहेरी गेली, ती मुलगी पाच महिन्यांची झाली तरी तिथंच. मी ठाण्याच्या कचेरीत कारकून, घरी हातानं पिठलं करून जेवणारा. सासरे पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार. लेकीला पाठवा म्हटलं की त्यांना कधी ऊन आठवे, कधी पाऊस, कधी नातीचे दात. एकदा मी फारच धरून बसलो, तेव्हा ते म्हणाले, "जावईबापू, पांढरी घ्या, मला एकदा मात द्या आणि न्या दोघींना." रविवारी जेवणानंतर एकच डाव, हेही त्यांनीच ठरवलं.

मी पेटलो. एक इंग्रज इंजिनीयर बदलून गेला, त्याच्या सामानाच्या लिलावात मला बुद्धिबळाचं पुस्तक मिळालं होतं. त्यातली सर्वांत शूर सुरुवात मी निवडली. राजापुढचं प्यादं एकदम दोन घरं टाकायचं आणि दुसऱ्याच चालीला उंटापुढचं प्यादं शत्रूला फुकट द्यायचं. सासऱ्यांचं प्यादं देशी रीतीनं एकेक घर चालणारं. जावई म्हणून त्यांनी मला दोन घरांची सवलत दिली, आपलं प्यादं एकेक घर पुढं आणून फुकटचं प्यादं खाल्लं, आणि आणखी आहेत का म्हणून विचारलं. तोंडातली सुपारी संपायच्या आत मला मात झाली होती.

पुढच्या रविवारी मी देशी झालो. कडेची प्यादी एकेक घर सरकवत असा भक्कम कोट बांधला की माझा राजा त्यातच गुदमरला. सासरे मधे एक डुलकी काढून उठले आणि जिंकले.

तिसऱ्या रविवारी मला धास्ती होती. दुसऱ्या दिवशी पितृपंधरवडा लागणार होता. त्यात लेकीची पाठवणी होत नाही, आणि नंतर नवरात्र, दसरा करत सासऱ्यांनी दिवाळी गाठलीच असती. जेवायच्या आधी बायकोनं मुलीला माझ्या मांडीवर दिलं आणि तिचं टोपडं सारखं करत हळूच म्हणाली, "उगाच प्यादी वाटू नका. राजापुढचं प्यादं टाका, घोडा काढा, उंट काढा, राजाला हत्तीच्या आड बसवा. मग काय ते शौर्य करा." लहानपणापासून ती दाराआडून बापाचे डाव बघत आली होती. तिला खेळायला मात्र कुणी बसवलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

मी तसंच खेळलो. ना शौर्य, ना कोट. तासाभरात सासऱ्यांची सुपारी तोंडात तशीच राहिली. त्यांचा राजा कोपऱ्यात, माझा वजीर समोर. एक चाल, की मात.

पण आपल्याकडे प्याद्यानं मात करण्याचा मान काही और. वजिरानं कुणीही मारतो. माझं एक प्यादं राजापासून दोनच घरं लांब होतं. गेल्या दोन रविवारचा सगळा अपमान माझ्या डोक्यात चढला. वजीर तसाच ठेवून मी प्यादं एक घर सरकवलं आणि मिशीवरून हात फिरवला.

सासऱ्यांनी घोडा उचलला. माझ्या राजाला शह, आणि त्याच घोड्याच्या तोंडी माझा वजीर. राजा हलवावाच लागला, वजीर गेला, मागोमाग डावही. सासऱ्यांनी तोंडातली सुपारी पुन्हा चघळायला घेतली.

गाडीची वेळ झाली, म्हणून मुलीला बघायला मी माजघरात डोकावलो. ती पाळण्यात झोपली होती. बायको माझ्याकडे पाठ करून बसली होती.

"वजीर समोर होता," ती म्हणाली. "मला न्यायला आला होतात, की प्यादं मिरवायला?"

मला लाज वाटली. सकाळीच बांधून ठेवलेलं गाठोडं ती सोडत होती. त्यातली मुलीची दुपटी तिनं एकेक करून परत फळीवर ठेवली.